कागदावरची शिकार

खंडेनवमीला आमच्या वऱ्हाडात घरातील लोखंडाला एक दिवसाची विश्रांती आणि झेंडूचे फूल मिळते. शेतकरी वखर, डवरा, विळा धुऊनपुसून पाटावर मांडतो. शिंप्याच्या घरी शिवणयंत्राला हार पडतो. वकिलाकडे कायद्याचे जाडजूड ग्रंथ हळदकुंकवाने माखतात, आणि दारात मोटार असली तर तिच्या चाकाखाली लिंबू येते. ज्या थोड्या घरांत बंदूक आहे तेथे तीही या पंगतीला असते. विळा, अडकित्ता, कात्री यांच्या शेजारी ती निजलेली पाहिली म्हणजे मला वाटते, या मंडळींत हिची जात वेगळी आहे. विळ्यानेही माणूस मरतो. पण विळा गवतासाठी जन्मला. बंदूक मारण्यासाठीच जन्मली. आणि ज्या घरी ती मारण्यासाठी आणलेली नाही, तेथे ती कोणत्या नात्याने राहते?

त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळी येते आणि त्याच घरातले पोर टिकल्यांचे पिस्तूल घेऊन आजीवर नेम धरते. आजीही कौतुकाने मरून दाखवते. त्या पिस्तुलाबद्दल कोणी नीतीचा प्रश्न काढीत नाही आणि काढूही नये. (दिवाळीत जो नीतीचे प्रश्न काढतो त्याला चिवडा देऊ नये असे माझे मत आहे, प्रस्तुत लेखकाला या वर्षापुरती सूट असावी.) पाटावरची ती खरी बंदूक आणि पोराच्या हातातले हे टिकल्यांचे पिस्तूल, या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू आहे. ती पहिलीसारखी खरी आहे आणि दुसऱ्यासारखी खेळायची आहे. हौशी नेमबाजाची रायफल ती. तिने माणूस मारावयाचा नाही, जनावर मारावयाचे नाही. कागदावरचा काळा गोल तेवढा भेदावयाचा. तरीही ती घेताना सतार घेणाऱ्याने तुंबा पारखावा तसे महिनेन् महिने पारखणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी एक अकोल्याचे माझे जुने स्नेही. बियाणे आणि कीटकनाशके यांचे त्यांचे दुकान आहे, स्वभाव भिडस्त आहे, आणि डास मारतानाही ते किंचित ओशाळतात. अशा माणसाला रायफल का हवी, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. कारण पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रायफल म्हटले की सिनेमातला दरोडेखोर येतो. नेमबाजीच्या खेळात रायफलीचे मुख्य प्रकार दोन. एक हवेच्या दाबाची, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारणारी. तिचे लक्ष्य १० मीटरवर असते. दुसरी .२२ ची, म्हणजे ५.६ मिलिमीटरची, खऱ्या काडतुसाची. तिचे लक्ष्य ५० मीटरवर. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. एखादे पूर्णविरामचिन्ह समजा, आणि तेवढे चिन्ह पुस्तकापासून दहा मीटर मागे जाऊन, उभ्याने, पाच किलोंच्या आसपासचे वजन हातांवर तोलून, साठ वेळा टिपायचे. दुर्बीण लावण्याची परवानगी नाही. डोळ्यापाशी एक बारीक भोक, नळीच्या टोकाशी एक कडे, आणि त्या कड्यात दूरचा काळा गोल बरोबर मध्ये बसला की चाप. हाताचा कंप तर आहेच. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे छातीचा ठोकाही नळीच्या टोकावर उमटतो. मुरलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत बार काढतात. अंगावर कॅनव्हास-चामड्याचा ताठ अंगरखा. आमच्या वैशाखात तो घालून उभे राहणे हीच एक तपश्चर्या होईल.

अशी रायफल निवडायची म्हणजे काय करायचे, हे माझ्या स्नेह्यांनी मला एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत समजावून दिले. माझी कल्पना होती की जी अधिक महाग ती अधिक चांगली. ते म्हणाले, तसे नाही. दस्त्याची लांबी तुमच्या हाताशी जुळली पाहिजे, गाल ज्यावर टेकतो तो भाग तुमच्या हाडाशी जुळला पाहिजे. मान वाकवावी लागली तर ती रायफल तुमची नव्हे, मग ती जर्मनीत कोणत्याही घराण्यात जन्मलेली असो. कोणता डोळा बलवान आहे हे आधी पाहावे लागते. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा बलवान निघतो, आणि मग आयुष्यभराची सवय एकीकडे आणि डोळा एकीकडे अशी ओढाताण होते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, श्वास सोडायचा, मग डोळे उघडायचे. नळी ज्या दिशेला गेली असेल ती शरीराची स्वाभाविक दिशा. लक्ष्य बाजूला असेल तर नळी ओढायची नाही, पाय हलवायचे. ओढून आणलेला नेम ऐन वेळी आपल्या जागी परत जातो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. .२२ च्या प्रत्येक नळीला आपली अशी गोळी असते. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे. पण एका घाण्याची काडतुसे एका नळीतून एकाच भोकात जातात आणि दुसऱ्या घाण्याची त्याच नळीतून पांगतात. चकल्यांचे असेच नाही का? पीठ तेच, सोऱ्या तोच, हात तोच. पण एक घाणा खुसखुशीत होतो आणि दुसरा मऊ पडतो. म्हणून जाणते नेमबाज रायफल शिकंजात घट्ट बसवतात आणि निरनिराळ्या घाण्यांची दहा-दहा काडतुसे तिच्यातून झाडून पाहतात. जिचा पुंजका लहान, ती घ्यायची. म्हणजे रायफल माणूस निवडतो, आणि गोळी रायफल निवडते. आणि या दोन्ही निवडींत मालकाच्या हौसेला फारसे विचारले जात नाही.

अशा वस्तूवर जीव जडतो यात नवल नाही. नीतीचा पहिला प्रश्न येथेच सुरू होतो, आणि तो हिंसेचा नाही, आसक्तीचा आहे. एक रायफल घेतली की दुसरी दिसू लागते. पहिलीच्या खोडी आपल्याला माहीत झालेल्या असतात. दुसरी अजून निर्दोष असते. हे ग्रंथसंग्राहकाला लागू आहे, पैठण्यांच्या कपाटाला लागू आहे, आणि भांड्यांच्या मांडणीलाही. फरक एवढाच की, सहावी पैठणी घेणाऱ्या बाईला सरकार काही विचारत नाही. बंदुकीच्या अर्जात मात्र 'कशासाठी पाहिजे' या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते. ठरावीक ताकदीच्या आतल्या छऱ्याच्या बंदुकीला तेवढी सूट आहे. मला हा प्रश्न जाचक वाटत नाही. उलट, घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी वर्षातून एकदा असा एक अर्ज भरावा लागला तर दिवाळीची साफसफाई पुष्कळ सोपी होईल.

माझे स्नेही या बाबतीत स्वतःवर हसतात. ते म्हणतात, "माझ्या दुकानातून जी बाटली जाते तिने एक कुटुंब उद्ध्वस्त होऊ शकते. ती न्यायला परवाना लागत नाही, कारण लिहावे लागत नाही. आणि कागदाला भोक पाडायला मी पोलीस ठाण्याचे खेटे घालतो." वऱ्हाडात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. त्यांच्या दुकानात कीटकनाशकांचे कपाट कुलपात असते. घरी रायफलीची कडी, जिला ते बोल्ट म्हणतात, एका कपाटात, रायफल दुसऱ्यात, काडतुसे तिसऱ्यात. ही शिस्त त्यांना बंदुकीने लावली आणि मग त्यांनी ती बाटल्यांना लावली. शस्त्राने माणूस सावध होतो हे एरवी मी मानले नसते.

हिंदुस्थानात शस्त्राची मालकी हा प्रश्न मुळात नीतीचा नव्हताच, तो मानाचा होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने आरंभी गोऱ्याला सूट दिली आणि काळ्याला परवान्याच्या दारात उभे केले. त्याचे शल्य एवढे होते की, १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात अहिंसेच्या उपासकाने, गांधीजींनी, या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. हातात शस्त्र नसणे वेगळे आणि हातात शस्त्र असू न देणे वेगळे, हा भेद त्यांना दिसत होता. ज्याच्या हाताशी तलवारच नाही त्याच्या अहिंसेला वजन कोठून येणार? स्वराज्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला. त्याच्या तेराव्या कलमात एक मौज आहे, तिच्याकडे पुढे येणारच आहे.

परवाना मिळाला तो आमच्याकडे कोणाला? देशमुखांना, मोठ्या पाटलांना, इजारदारांना. अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या ओसरीत अजूनही एखादे शिंगाडे डोके भिंतीतून बाहेर डोकावते. त्याच्या काचेच्या डोळ्यांवर धूळ असते. मेळघाट जवळ. परवाना काढून जंगलाचा तुकडा घ्यायचा, हाका करायला कोरकू माणसे लावायची, मचाण बांधायचे. माझ्या स्नेह्यांचे वडील अशा शिकारींना जात. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊंत मेळघाट आला. एका दिवसात जिल्ह्यातल्या साऱ्या बंदुका पोरक्या झाल्या. त्यांचे काम गेले, पण परवाने राहिले. मुलांनी ते वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर करून घेतले, मुदत संपली की नूतनीकरण केले, निवडणूक आली की ठाण्यात जमा केल्या, झाली की परत आणल्या, आणि खंडेनवमीला पाटावर मांडल्या. जिचे कामच थांबवले आहे अशा वस्तूची मालकी म्हणजे काय? पेन्शनीतल्या माणसाला आपण घरात ठेवतो. तो नात्याने आपला असतो. बंदुकीशी असे कोणते नाते?

यावर एक उत्तर अमरावतीतच उभे आहे. १९१४ पासून चालत आलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तेथला संघ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आला, हे वऱ्हाडात लहान पोरालाही अभिमानाने सांगितले जाते. आमच्या आखाड्यांतून लाठी, बनेटी, दांडपट्टा शिकवीत. दांडपट्टा काय होता? तो फिरला की माणसे कापली जात. आज तो फिरतो तेव्हा टाळ्या पडतात, आणि कोणाच्याही मनात रक्त येत नाही. भाल्याचे तसेच झाले, धनुष्याचे तसेच झाले. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षीसुद्धा खरा नव्हता. शस्त्र म्हातारे झाले की त्याचा खेळ होतो. मग रायफलीनेच काय पाप केले?

पाप नाही, पण ती अजून म्हातारी झालेली नाही. दांडपट्टा घेऊन आज कोणी युद्धावर जात नाही. रायफल घेऊन जातात. खेळातल्या त्या तीन मुद्रा, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने, या शिपायाच्याच मुद्रा आहेत. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या १ ऑगस्टला याच तीन मुद्रांच्या स्पर्धेत पॅरिसला कांस्यपदक मिळवले, आणि २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी पालथ्या मुद्रेत जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हा आपल्यापैकी कोणाला शिपाई आठवला? आपल्याला तर त्या निश्चल चेहऱ्यांत योग्याची समाधी दिसली. दोन्ही खरे आहे. समाधी खरी आहे, आणि तिची आसनपद्धती खंदकातून आली हेही खरे आहे. खेळाचे कूळ विसरावे, पण नाकारू नये.

शिकारी माणसे आणि नेमबाज माणसे यांचे एकमेकांविषयी फारसे चांगले मत नसते. शिकाऱ्याला वाटते, हे कागदफाडे. नेमबाजाला वाटते, हे रक्तपिपासू. माझ्या मते आनंद दोघांचा सख्खा नसला तरी चुलत आहे. श्वास रोखणे, जग एका बिंदूत गोळा होणे, मग आवाज. पण शिकाऱ्याच्या आवाजानंतर काहीतरी संपते. नेमबाजाच्या आवाजानंतर काही संपत नाही. कागदावर एक भोक पडते, आणि ते भोक त्याला त्याच्याविषयी एक बातमी सांगते: घाई केलीस, श्वास चुकला, मघाशी बायकोशी झालेले बोलणे अजून डोक्यात आहे. साठ बातम्या ऐकून माणूस घरी जातो. जिम कॉर्बेट नरभक्षकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला बक्षीस म्हणून रिग्बी रायफल मिळाली. ती आयुष्यभर त्याची आवडती राहिली, आणि तरीही उतारवयात तो कॅमेरा घेऊनच वाघामागे फिरला. आपले व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात जात असत. पुढे तेच नागझिऱ्याच्या रानात पाहायला आणि लिहायला जाऊन राहिले. या दोघांना मी पश्चात्तापदग्ध म्हणणार नाही. ज्यासाठी आपण रानात येत होतो ते बंदुकीशिवायही मिळते, असे त्यांना कळले असावे.

येथपर्यंत माझ्या स्नेह्यांची बाजू भक्कम होती. ती एका पाहुण्याने हलवली.

त्यांचा आतेभाऊ अकोट तालुक्यात, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याकडच्या एका गावी शेती करतो. सात एकर काळे रान. खरिपात कपाशी आणि तूर, जमले तर रब्बीत हरभरा. रात्री रानडुकरे येतात आणि दिवसा रोही. डुक्कर खाते थोडे आणि उकरते फार. रोही उंच, तारेच्या कुंपणाला जुमानत नाही. सहा-सहा महिने जागल करून हा माणूस वाळून गेला आहे. हिवाळ्यात माळ्यावर बसायचे, पत्र्याचा डबा बडवायचा, विजेरीचा झोत फिरवायचा, आणि पहाटे डोळा लागला की तेवढ्यात कळप येऊन जायचा. एका संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा मी तेथे होतो. स्नेही त्या वेळी नव्या काडतुसांचा कागद मला दाखवीत होते. दहा भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात पडली होती.

त्याने कागद उजेडापुढे धरला, भोकांतून पाहिले आणि म्हणाला, "दादा, या कागदानं तुमचं काय खाल्लं?"

स्नेही हसले. तो हसला नाही. "माह्या वावरात या एक रात्र. तुमचा नेम असा हाय, तर एक डुक्कर पडू द्या. एक पडलं का बाकीचे महिनाभर येत नाहीत."

स्नेह्यांनी कायद्याचे कारण सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पिकाची नासाडी करणाऱ्या ठरावीक जनावराला मारण्याची परवानगी अधिकाऱ्याने लेखी द्यावी, अशी वाट कायद्यात आहे. पण ती कागद घेऊन चालायची वाट आहे. शिवाय रायफल खेळासाठी दिलेली, ती दुसऱ्या कामाला काढणे हाच गुन्हा. शिवाय .२२ ची गोळी डुकरासाठी नव्हे. जखमी डुक्कर तुरीत शिरले तर सकाळी कोण्या बाईला फाडील. सारे बरोबर. आतेभावाने सारे ऐकून घेतले आणि उठताना म्हणाला, "बरं हाय दादा. तुमची अहिंसा माह्या वावरात चरून राह्यली, एवढंच सांगाले आलो होतो."

हे वाक्य त्या संध्याकाळपासून माझ्याबरोबर आहे. स्वच्छ हातांचा खर्च कोणीतरी भरीत असतो, आणि बहुधा तो स्वच्छ हातांच्या माणसाच्या ओळखीचा असतो. २०१८ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या चारपाच दिवस आधी, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे ती वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा आळ तिच्यावर होता. त्या दिवशी त्या भागातल्या गावांतून फटाके वाजले आणि शहरांतून निषेधाचे फलक निघाले. दोन्हीकडे माणसेच होती. मी फलकवाल्यांना ढोंगी म्हणत नाही. रान जगले पाहिजे असे मलाही वाटते, आणि ज्या पद्धतीने ती मारली गेली तीबद्दलचे आक्षेप गंभीर होते. पण फटाके वाजवणाऱ्यांना क्रूर म्हणण्याचा अधिकार, ज्याने त्या दोन वर्षांत सरपणासाठी एकदाही रानात पाऊल टाकले नाही, त्याला पोचतो असे मला वाटत नाही.

तरीही माझ्या स्नेह्यांनी नाही म्हटले ते योग्य केले असे मी म्हणेन, आणि ते कायद्यासाठी नव्हे. त्या रायफलीने त्यांनी जे काही मिळवले होते, ते एका करारावर मिळवले होते: हिच्यापुढे जिवंत काही येणार नाही. तो करार होता म्हणून त्यांचा हात स्थिर होता. त्यांच्या धाकट्या मुलीने, ती सहावीत असताना, त्यांना विचारले होते, "बाबा, याने खरंच मरतं का?" पुष्कळ बाप म्हणाले असते, छे ग, खेळातली आहे ही. ते म्हणाले, "हो. म्हणून ती कोणाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी." ज्या घरात हे उत्तर दिले गेले त्या घरातली रायफल एका रात्रीसाठी तुरीच्या शेतात नेता येत नाही. आतेभावाची गरज खरी होती. पण त्या गरजेला उत्तर देण्याचे काम एका भिडस्त दुकानदाराच्या छंदाचे नव्हते. ते ज्यांचे होते त्यांनी केले नाही म्हणून ते छंदावर येऊन पडले.

आता ते तेरावे कलम. परवाना कोणाला द्यावाच, हे सांगताना १९५९ च्या त्या कायद्याने एकाच पोटकलमात दोन माणसे शेजारी बसवली आहेत. पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी, आणि लक्ष्यावर नेम मारण्यासाठी .२२ ची किंवा हवेची रायफल मागणारा मंडळाचा सभासद. आतेभाऊ आणि मामेभाऊच म्हणा. कायदा करणाऱ्यांना दोघांची गरज एकाच तोलाची वाटली असेल का? की दोघेही सारखेच निरुपद्रवी वाटले? काहीही असो, एकाला रायफल मिळाली आणि दुसरा डबा बडवीत राहिला, याचे कारण कायद्याच्या अक्षरात नाही. अर्ज कसा लिहावा, कोणत्या खिडकीशी किती वेळ उभे राहावे आणि किती वेळा परत यावे, हे दुकानदाराला परवडते. सात एकरवाल्याचा दिवस बुडतो.

आणि मग २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, त्या दोनच ठेवता येतील असे ठरले. मंडळाच्या सभासदाची खेळाची.२२ या मोजणीत धरायची नाही. माझ्या स्नेह्यांकडे .२२ सोडून तीन होत्या: आजोबांची ठासणीची, वडिलांची बारा बोअरची दुनळी, आणि वडिलांचीच .३१५, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. एक वर्षाच्या आत एक द्यायची होती. रायफल कशी निवडावी हे त्यांनी मला सांगितले होते. कोणती सोडावी हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते.

मला वाटले होते ठासणीची जाईल. तिचा नेम लागत नाही, तिला धूर फार, ती नुसती शोभेची. बाजारात .३१५ ची किंमत सर्वांत अधिक, नेम तिचा सर्वांत सच्चा, आणि वडिलांची आठवणही तिच्याशीच जास्त जोडलेली. त्यांनी तीच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. मी कारण विचारले. पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ती खांद्याला लावली की माझ्या डोळ्यांपुढे कागद येत नाही. रान येते." मी म्हणालो, रान आठवण्यात वाईट काय? ते म्हणाले, "रानात काहीतरी उभे असते."

हे मला सर्वस्वी पटले आहे असे नाही. वस्तूमध्ये इच्छा भरलेली असते आणि ती हातातून मनात चढते, हे म्हणणे थोडे सोयीचे आहे. त्यामुळे मन निर्दोष ठरते आणि लाकूड-लोखंड दोषी. पण ज्याने एका वस्तूबरोबर वीस वर्षे काढली, त्याला ती त्याच्याकडून काय मागते हे माझ्यापेक्षा अधिक कळत असेल. आणि निवडीचा एक भाग त्यांनी उघड बोलून दाखवला नाही, तो मला नंतर समजला. ठासणीची त्यांनी ठेवली ती शोभेसाठी नव्हे. आतेभावाने स्वतःच्या नावाने, पिकाच्या राखणीसाठी, परवान्याचा अर्ज करावा आणि मिळाला की ती रीतसर त्याच्याकडे जावी, असे दोघांत ठरले आहे. अर्ज स्नेह्यांनीच लिहिला. त्यांचे अक्षर चांगले आहे. तिच्यात गोळी नसली तरी चालेल, नुसती दारू ठासून बार काढला तरी कळप पांगतो, असे दोघेही म्हणतात. एक जण हे म्हणताना माझ्याकडे पाहतो, दुसरा दुसरीकडे पाहतो.

अर्ज अद्याप वर गेलेला आहे. मध्ये एकदा एक कागद कमी म्हणून परत आला होता, तो जोडून पुन्हा दिला. परवा आतेभाऊ दिवाळीच्या बाजाराला अकोल्याला आला होता. दुकानात टेकला तेव्हा त्याच्या पिशवीत पोरांच्या कपड्यांची दोन पुडकी होती आणि सुतळी बॉम्बचे एक अख्खे खोके. मी म्हणालो, "एवढे? पोरांना वाजवू द्याल एवढे?"

"पोराईले फुलझड्या घेतल्या," तो म्हणाला. "हे डुकराईसाठी. दिवाळी झाली का भाव वाढते."